शेऱ्यातलं ‘खाली’

ग्वाल्हेरात नया बाजारच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. वर आम्ही, खाली जगताप. सतरा वर्षांत ‘जरा खाली जाऊन येते’ हे वाक्य मी रोज दोनतीनदा तरी बोलले असेन. विरजण खाली मिळतं, मराठी पंचांग खाली असतं, आणि दुपारी मन लागेनासं झालं की गप्पांनाही खालीच जायचं. शब्द इतका तोंडातला की त्याच्याकडे कधी थांबून बघितलं नव्हतं.

निवेदिता ही जगतापांची एकुलती लेक. आम्ही राहायला आलो तेव्हा ती नववीत होती आणि गच्चीवरच्या टाकीला बोटानं टिचक्या मारून आत पाणी किती उरलंय ते सांगायची. नळ एक दिवसाआड, त्यामुळे ही विद्या सगळ्या घराच्या कामाची. वरून टिचक्या मारत खाली यायची, आवाज बदलेल तिथं खडूनं रेघ ओढायची, आणि मला सांगायची, वहिनी, आज चादरी भिजवू नका. झाकण उघडून बघावं तर पाणी रेघेला लागलेलं. पुढे ती इंजिनिअर झाली, चेन्नईला चार वर्षं समुद्राच्या कामात काढून परत आली, सिटी सेंटरमधल्या एका लहानशा कंपनीत लागली. आपलं हल्लीचं काम त्या टिचक्यांहून फार वेगळं नाही असं ती म्हणते. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. मला जेवढं कळलं तेवढंच इथं सांगते.

ग्वाल्हेरात समुद्र कुठे, हा प्रश्न तिला प्रत्येक लग्नात विचारतात. समुद्र नाही, धरणं आहेत, असं तिचं ठरलेलं उत्तर. तिच्या कंपनीनं एक पिवळं यंत्र बनवलंय, लाकडी पाळण्याएवढं. ऑफिसात त्याला घडियाल म्हणतात, चंबळेतल्या सुसरीवरून. धरणाच्या दारापाशी ते पाण्यात सोडायचं, ते आपलं आपण फिरून तळाशी काय पडलंय ते बघून येतं. आत माणूस नाही, वायर नाही. पाण्यात रेडिओ चालत नाही, त्यामुळे एकदा बुडालं की त्याला कुणी काही विचारू शकत नाही की सांगू शकत नाही. आणि पाणी इतकं गढूळ की कॅमेऱ्याला वीतभर पलीकडचं दिसत नाही. म्हणून ते आवाजानं बघतं. आवाज सोडायचा, तो कशाकशावर आपटून किती वेळानं परत येतो त्यावरून चित्र बनवायचं. त्या उपकरणाचं नाव सोनार. यावरून कुमुदिनीकाकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, आधीच जाहीर करून टाकलं होतं की आमची निवू सोनाराकडे कामाला आहे, फक्त तिचा सोनार पाण्यात बसतो आणि आजपर्यंत त्यानं एक मणीसुद्धा घडवून दिलेला नाही.

चित्र मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. चित्रात काय आहे ते यंत्राला ओळखता आलं पाहिजे, आणि ते ओळखायला शिकवणं हे निवेदिताचं काम. तिनं मला ती चित्रं दाखवली आहेत. तापल्या तव्यावर पीठ सांडावं तशी दिसतात, करडी, काळी, मध्येच पांढरी भुरभूर. त्यातली हजारो चित्रं कुणीतरी माणसानं बसून बघायची, वस्तूभोवती चौकट काढायची, यादीतलं नाव द्यायचं: दगड, लाकूड, जाळं, लोखंड. शेजारी शेऱ्याचा एक रकाना. अशी हजारो उदाहरणं पाहून यंत्र शिकतं. माणसानं जे सांगितलं तेच शिकतं, ते खरं की खोटं हे त्याला कळायचा मार्ग नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर ती एकदा लॅपटॉप घेऊन घरी बसली होती. तिचे वडील, संभाजीरावकाका, चहाचा कप घेऊन मागे उभे होते. ती एका चित्राला दगड म्हणत होती. काका म्हणाले, दगड नाही ग, बाभळीचं खोड आहे, मुळं वर करून पडलंय. तिनं धरणावरच्या माणसांकडून खातरी करून घेतली. बाभूळच निघाली.

काका पाणीपुरवठ्यात होते. एकतीस वर्षं जलाशयावर आणि गाळणी केंद्रावर काढलेली. पाणी उतरलं की तळाशी काय काय उघडं पडतं ते त्यांनी एकतीस उन्हाळे स्वतः चालून पाहिलेलं. निवृत्त झाल्यावर या माणसाकडे विचारायला कुणी येत नव्हतं. आता घरातच काम चालून आलं. देवपूजा आटोपली की दहाला टेबलाशी बसायचे, एकपर्यंत उठायचे नाहीत. मी खाली गेले की कधीकधी मला बोलावून दाखवत, हे बघा, इथं सावली लांब आहे, म्हणजे वस्तू उभी आहे. आणि कुमुदिनीकाकू आतून म्हणत, बापलेक दोघं मिळून पाण्याखालचा चिखल बघतात, मोरीतला चिखल बघायला मला ठेवलंय.

यात एक गोष्ट गैर होती आणि ती निवेदिताला ठाऊक होती. चित्रं ऑफिसच्या बाहेर न्यायची नाहीत असा नियम होता. काकांचं सगळं काम तिच्या नावानं, तिच्या पासवर्डवर नोंदलं जात होतं. सहा महिन्यांत अकरा हजार चित्रं. ती मला एकदा म्हणाली होती की आबांच्या, म्हणजे काकांच्या, नजरेचा माणूस ऑफिसला शोधून सापडायचा नाही, आणि परवानगी मागायची म्हटलं तर कधीच मिळायची नाही.

आता शेऱ्याचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. तळाशी गाळ असतो. काही वस्तू त्या गाळात अर्ध्याअधिक बुडालेल्या असतात. चित्रात नुसता एक फुगवटा दिसतो किंवा सावलीचं टोक. काय आहे ते अनुभवी डोळ्याला कळतं, कुठवर आहे ते कळत नाही. अशा ठिकाणी काका चौकट काढत नसत. शेऱ्यात लिहीत, ‘गाळाखाली’. एका बोटानं टाइप करायचे, काना वेलांटी शोधत. वीसपंचवीस चित्रांनंतर त्यांनी ते छोटं केलं. नुसतं ‘खाली’ लिहू लागले.

त्यांना हिंदी येत नव्हतं असं मुळीच नाही. एकतीस वर्षं सरकारी रजिस्टर हिंदीतच भरलं. पण हे घरचं काम, लेकीचं काम, वाचणार तीच, म्हणून त्यांनी मराठी धरली. मला मोठ्या हौसेनं सांगितलं होतं त्यांनी, की निवृत्तीनंतर का होईना, आपल्या भाषेत शेरा मारायला मिळाला.

पण शेरे ती एकटी वाचत नव्हती. ऑफिसात गरिमा म्हणून एक मुलगी आहे, इथल्याच हजीऱ्याची, हिंदी घरातली, अतिशय नीटनेटकी. सगळे शेरे वाचून प्रत्येक चित्र त्याच्या त्याच्या गठ्ठ्यात टाकणं तिच्याकडे होतं. ‘गाळाखाली’ तिला कळलं नव्हतं, तिनं विचारलं, निवेदितानं सांगितलं की दबा हुआ, गाद के नीचे. ती चित्रं बरोबर गठ्ठ्यात गेली. ‘खाली’ बद्दल तिनं विचारलं नाही. का विचारेल? चौकट काढलेली नाही आणि शेजारी लिहिलंय ‘खाली’. तिच्या भाषेत त्याचा एकच अर्थ, रिकामं. चारशे बारा चित्रं तिनं ‘कुछ नहीं’च्या गठ्ठ्यात टाकली.

गरिमा घरी आली की हाच शब्द आमच्यात थट्टेचा होता, याचं मला आता नवल वाटतं. ती जिन्यावरून वर येऊन विचारायची, काका कुठे आहेत, आणि मी म्हणायची, खाली आहेत. त्यावर ती हसून म्हणे, भाभी, काका तो सुबह से खाली ही रहते हैं, कोई काम दिलवाइए. काका खालून ओरडून उत्तर देत. सगळे हसत. हसताना कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

यंत्र शिकलं, परीक्षेला बसलं, शंभरात सत्त्याण्णव गुण घेऊन पास झालं. परीक्षेची चित्रं त्याच अकरा हजारांतून काढलेली होती, म्हणजे उत्तरपत्रिकेतही तीच चूक. ऑफिसात समोसे आणले. काकांच्या वाटचे दोन निवेदिता रुमालात बांधून घरी घेऊन आली.

यंदाच्या जानेवारीत दोन जिल्हे पलीकडच्या एका धरणावर दाराची दुरुस्ती निघाली. आधी घडियाल उतरवलं. त्यानं बघून अहवाल दिला, आणि दोन दिवसांनी पाणबुडे खाली गेले. त्यांच्यातला मधू केवट, चाळिशीचा, चंबळेकाठचा. गाळात जुनं जाळं होतं आणि त्यात तुटका पोलादी दोर. त्याचा डावा हात त्यात अडकला. सोबत्यांनी वर ओढला. जीव वाचला, दोन बोटं गेली.

ऑफिसात बैठक झाली. मालक दिग्विजयसिंह माणूस म्हणून वाईट नाहीत, घाबरले होते. दोन दिवसांत गाळ सरकला असेल, असं ठरलं. यंत्रानं बघितलं तेव्हा जागा मोकळी होती. सगळ्यांना हायसं वाटलं. निवेदिता मात्र दोन दिवस जेवली नाही धड. दार बंद होतं, पाणी स्थिर होतं, गाळाला सरकवलं कुणी, एवढंच ती काकूंना पुन्हापुन्हा विचारत होती, जणू त्यांना माहीत असावं.

मधूला ग्वाल्हेरच्या दवाखान्यात आणलं होतं. ती मला म्हणाली, वहिनी, तुम्ही चला, मला आजाऱ्यापाशी काय बोलावं ते सुचत नाही. तिळाच्या गजकची पुडी घेऊन आम्ही गेलो. मधू उशीला टेकून बसला होता, डावा हात पांढऱ्या गठुळ्यासारखा. रागात नव्हता. उलट आम्हालाच स्टूल सरकवायला बघत होता. मी त्याच्या बायकोची चौकशी केली, गावची केली. मग निवेदितानं एकच विचारलं, तुम्ही एरवी कसे उतरता.

त्यानं समजावून सांगितलं. आधी लांब बांबू घालायचा, तळ टोचून बघायचा, कुठे अडकतो का. मग माणूस. “लेकिन मैडम, इस बार काग़ज़ पर लिखा था, गेट के आगे खाली है,” तो म्हणाला. “लिखा था, तो बाँस नहीं डाला।”

त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. निवेदितानं मान हलवली आणि पुडी त्याच्या उजव्या हाताशी सरकवली.

बाहेर फाटकापाशी ई-रिक्शावाला उभा होता. आम्हाला बघून म्हणाला, आइए, खाली है. मी चढले. ती एक पाय पायरीवर ठेवून तशीच उभी राहिली. मी हाक मारली तरी हलली नाही. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. मग ती बसली, आणि वाटेत एकदा, अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, “नीचे खाली. खाली खाली.” मला वाटलं, मुलीला ताप चढतोय.

घरी गेल्यावर तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. लॅपटॉप उघडून काकांसमोर ठेवला. मी तिथंच उभी होते, तिनं मला जा म्हटलं नाही.

“आबा, हे ‘खाली’ लिहिलंत, ते काय?”

काकांनी चष्मा लावला. चित्र बघून त्यांचा चेहरा उजळला, ओळखीचं माणूस भेटावं तसा. “खाली म्हणजे खाली. गाळाच्या खाली. ही तार आहे बघ, हे टोक तेवढं वर.”

“मग चौकट का नाही काढली?”

“कुठवर आहे ते दिसत नाही, तर चौकट कशी काढू? खोटी काढू?” ते म्हणाले. “म्हणून शेरा मारला. तू वाचशीलच की.”

“हो आबा,” ती म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी मटार सोलत होते तेव्हा ती वर आली आणि माझ्यासमोर फरशीवर बसून सोलू लागली. मग सगळं सांगितलं. सुसर आंधळी नव्हती, ती म्हणाली. गाळात बुडालेली तार तिला स्पष्ट दिसत होती. पण असं दिसलं की ‘काही नाही’ म्हणायचं, हे तिला चारशे बारा वेळा शिकवलं होतं. आणि शिकवणारे आबा होते, ज्यांनी त्या खोलीत बसून एकही खोटी चौकट काढली नाही.

आता काय करणार, मी विचारलं. तिनं बोटांनी दाणे चाळवले. गुपचूप दुरुस्त करता येतं, ती म्हणाली. चारशे बारा चित्रं योग्य गठ्ठ्यात टाकायची, यंत्राला पुन्हा शिकवायचं, नवी आवृत्ती म्हणून द्यायची. पंधरा दिवसांत होईल, कुणी विचारणार नाही. पण दुसऱ्या एका धरणावर त्याच यंत्रानं दिलेला अहवाल जाऊन पडला होता. तिथंही लिहिलं होतं, खाली है. गुरुवारी तिथं माणसं उतरणार होती. ते थांबवायचं तर सोमवारी सांगावंच लागणार, आणि सांगायचं तर कुणी लिहिलं ते विचारणार.

“मला काय होईल ते होवो,” ती म्हणाली. “आबांना कळलं तर, वहिनी? त्या माणसाची बोटं त्यांच्या शेऱ्यानं गेली, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?”

मी म्हटलं, गुरुवारचं आधी थांबव. बाकीचं मागून बघू. चांगला सल्ला होता की नाही, अजून ठरवता येत नाही मला.

सोमवारी तिनं सांगितलं. दिग्विजयसिंहांनी तिच्यासमोरच फोन करून गुरुवारचं काम थांबवायला लावलं, त्यात त्यांनी मिनिटभर घालवला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग विचारलं, शेरे कुणी लिहिले. ती म्हणाली, मी. आणि राग वळला तो गरिमाकडे. निवेदिता मराठी, तिच्या हातून तिची भाषा लिहिली गेली, समजण्यासारखं आहे. पण वाचणारीनं विचारायला नको? ‘गाळाखाली’ विचारलंस, ‘खाली’ का नाही विचारलंस?

हे निवेदितानं धरलंच नव्हतं. आबांना झाकायला गेली आणि दुसरीच मुलगी उघड्यावर आली. तिनं गरिमाची बाजू मांडली, पण खरं सांगितल्याशिवाय ती बाजू उभी राहत नव्हती. मंगळवारी गरिमाला सांगितलं गेलं की आठवडाभर घरी राहा.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला गरिमा आली. संक्रांत तोंडावर होती, मी खाली कुमुदिनीकाकूंबरोबर तीळ भाजत होते. निवेदिता ऑफिसात. गरिमा दीदीलाच भेटायला आली होती, काकांना काही माहीत नसेल याची तिला कल्पना नव्हती. टेबलाशी बसली आणि बोलत सुटली. दीदीनं खाली लिहिलं, मी खाली समजले, एका माणसाची बोटं गेली, आणि मी विचारलं नाही हे खरं आहे काका, मी विचारलंच नाही.

मी कढईतलं उलथनं हलवत राहिले. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं की मला सगळं ठाऊक आहे. त्यांनी गॅस बंद केला.

काकांनी गरिमाला मध्ये तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, कोणता माणूस, कोणता हात, किती बोटं. मग म्हणाले, कौनसा खाली, बेटा? तिनं सांगितलं. ते उठले, आत गेले, बंद गळ्याचा कोट घालून आले. लग्नाकार्यालाच काढतात तो कोट. काकू म्हणाल्या, कुठे निघालात या वेळी? काका गरिमाला म्हणाले, गाडी आणलीस ना? आणि अडुसष्ट वर्षांचे संभाजीराव जगताप त्या मुलीच्या स्कूटीवर मागे बसून, दोन्ही हातांनी सीटची कड धरून, सिटी सेंटरला गेले.

तिथं काय झालं ते गरिमानं सांगितलं. दिग्विजयसिंहांनी खुर्ची पुढे केली, काका बसले नाहीत. म्हणाले, “साहब, वो खाली मेरा लिखा हुआ है। न इसका, न मेरी लड़की का।” मग भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक चित्र लावायला सांगितलं आणि बोटानं दाखवलं, ही तार, हे तिचं टोक, बाकीची गाळाखाली. दुसरं लावायला सांगितलं. तिसरं. पाचसहा चित्रांनंतर दिग्विजयसिंह म्हणाले, बस, अंकल. निवेदिता दारात उभी होती.

गरिमाला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. निवेदितानं नियम मोडून चित्रं घरी नेली हे आता लपण्यासारखं राहिलं नव्हतं. तिला काढलं नाही, पण यंत्राला शिकवण्याच्या कामावरून उठवून अहवालांची भाषा तपासायला बसवलं. किती दिवस, ते सांगितलं नाही.

त्या बुधवारी संध्याकाळी खालून आवाज येत होते. तिचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. तुम्हाला कुणी यायला सांगितलं होतं, मी सांभाळत होते ना, असं काहीसं. काकांचं एकच वाक्य जिन्यातून वर आलं.

“मी लिहिलेलं मलाच वाचायला द्यायचं होतंस, निवू.”

गुरुवारी जिथं माणसं उतरणार होती, तिथं मग बांबू घालून सगळा तळ टोचून बघितला. दोन दिवस लागले. काही निघालं नाही. ना तार, ना जाळं, नुसता मऊ गाळ. दिग्विजयसिंहांनी तिला सांगितलं, वहाँ तो सचमुच खाली था, निवेदिताजी. टोमणा नव्हता, पण तिनं ते घरी येऊन मला सांगितलं तेव्हा तिच्या तोंडून तो शब्द अडखळत निघाला.

काका मधूला भेटायला गेले होते. काय बोलले ते दोघांनाच माहीत. येताना त्यांच्या खिशात मधूनं लिहून दिलेला त्याच्या गावचा पत्ता होता. तो अजून देवघरात, कुंकवाच्या करंड्याखाली आहे. मधू आता काठावर उभा राहून दोर सांभाळतो. पाण्यात उतरत नाही.

चारशे बारा चित्रं पुन्हा बघायची होती, आणि ती ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा दिग्विजयसिंहांनी काकांनाच बोलावलं, रीतसर, ऑफिसात. रोज दहाला गरिमा त्यांना घ्यायला येते. ती शेजारी बसते, ते सांगतात, ती लिहिते, मग ते तिच्याकडून वाचून घेतात, दोनदा. पण पहिल्यासारखं होत नाही, असं तिनं मला जिन्यात सांगितलं. पूर्वी एका नजरेत सांगायचे, आता एकेका चित्राला अर्धा तास घेतात. चष्मा काढतात, पुसतात. आणि शेवटी म्हणतात, लिही, नक्की सांगता येत नाही. जिथं खरोखर काही नाही तिथंही. त्या नव्या शेऱ्यांवर यंत्राला पुन्हा शिकवलं, तर ते आता जिकडेतिकडे काहीतरी आहे म्हणतं. अहवाल निवेदिताच्या टेबलावर येतात. संशयास्पद, संशयास्पद, संशयास्पद. ती भाषा तपासते आणि पुढे पाठवते. पाणबुडे कागद बाजूला ठेवून बांबू घेतात. यंत्र न्यायचंच कशाला, असं आता त्यांच्यातच बोलणं सुरू झालंय.

अजून दीडशे चित्रं व्हायची आहेत. काकूंनी चिखलावरून बोलणं सोडलंय. आणि परवा गरिमानं जिन्यावरून विचारलं, काका कुठे आहेत, तर मी तोंड उघडलं आणि म्हणाले, घरात आहेत.

मागच्या रविवारी नळ आला नव्हता. मी गच्चीवर गेले तर निवेदिता कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, बघ ग जरा, किती उरलंय. ती टाकीपाशी आली, वरून टिचक्या मारत खाली आली, कमरेच्या थोडं वर थांबली. पुन्हा तिथंच मारली. मी वाट बघत होते.

“झाकण उघडून बघून घ्या, वहिनी,” ती म्हणाली.

मी स्टुलावर चढून झाकण उघडलं. पाणी तिचं बोट होतं तिथंच होतं. मी तसं सांगितलं.

“आज बरोबर आलं,” ती म्हणाली, आणि रिकामी बादली उचलून खाली गेली.